ऐकलेले मैदान

नगर जिल्ह्यात माणूस जातो तो शिर्डीला, शनिशिंगणापूरला, नाहीतर भुईकोट किल्ल्यातली पंडित नेहरूंची खोली पाहायला. यंदा चैत्रात मी गेलो तो काही पाहायला नव्हे, ऐकायला. असे सांगितले की घरची मंडळी आपल्याकडे जराशा काळजीने बघतात. आमच्याकडेही तसेच झाले. पण पिशवीत दोन सदरे आणि एक जुना ट्रान्झिस्टर टाकून मी पुण्याहून एस.टी.त बसलो.

जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे. जामखेड तालुक्यातल्या चौंडी गावी १७२५ साली जन्मलेल्या लेकीचे नाव तिच्या माहेरच्या जिल्ह्याला मिळाले. माझ्या शेजारी बसलेल्या शेतकऱ्याने मात्र कंडक्टरकडे "एक नगर" असेच तिकीट मागितले आणि कंडक्टरनेही ते निमूटपणे दिले. जिभेला वळण लागायला वेळ लागतोच.

मला ऐकायचे होते ते धावते वर्णन. हल्ली याला समालोचन म्हणतात. शब्द भारदस्त आहे, पण मला जुनाच बरा वाटतो. समालोचन म्हणजे गुणदोष पाहणे, आणि ते खेळ संपल्यावर घरी आरामखुर्चीत बसूनही करता येते. धावते वर्णन करणाऱ्याला चेंडूबरोबर धावावे लागते, तेही खुर्ची न सोडता! शिवाय या माणसाचा सगळा व्यापार उधारीचा. ऐकणाऱ्याला काही दिसत नसते. जे घडले म्हणून हा सांगेल ते घडले असे त्याने मानायचे. सावकाराची नसेल एवढी पत या धंद्याला लागते. क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा म्हणजे सुमारे सतरा हजार चौरस किलोमीटरचा मुलूख. एकेकाळी इथल्या बहुतेक गावांना मोठे मैदान पाहायचे तर मुंबई-पुणे गाठावे लागे. म्हणून त्यांनी मैदान ऐकले. ती पत इथे कशी जमली आणि तिचे पुढे काय झाले, हे मला पाहायचे होते.

पुणे ते नगर सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर. एस.टी.त वेळ भरपूर असतो, तेवढ्यात या धंद्याचा इतिहास सांगून टाकतो.

१९२३ च्या मार्चमध्ये कॅनडातल्या टोरांटो शहरात फॉस्टर ह्युइट नावाच्या तरुण वार्ताहराने टेलिफोनवरून बर्फावरच्या हॉकीच्या सामन्याचे वर्णन केले. पुढे त्याच्यासाठी बर्फापासून छप्पन्न फूट उंचीवर, छताखाली टांगलेली एक खोली बांधली गेली आणि हिवाळ्यातल्या शनिवारी रात्री अख्खा देश त्याच्या आवाजाभोवती शेकत बसू लागला. १९२७ च्या जानेवारीत इंग्लंड आणि वेल्स यांच्या रग्बीच्या सामन्यात बी.बी.सी.ने वेकलॅम नावाच्या गृहस्थांना मायक्रोफोनपुढे बसवले. त्यांना वळण लागावे म्हणून एका अंध माणसाला समोर आणून बसवले होते. या माणसाला कळेल असे बोला, एवढीच शिकवण! या धंद्याचे सारे शास्त्र मला त्या एका युक्तीत दिसते.

आपल्याकडे १९३४ साली मुंबईत पारशी आणि मुसलमान संघांच्या क्रिकेट सामन्याचे वर्णन बॉबी तल्यारखान यांनी केले. जेवणाची आणि चहाची सुटी सोडली तर दिवसभर एकटे बोलत. मायक्रोफोनमध्ये भागीदार त्यांना चालत नसे. पुढे ३१ जानेवारी १९४८ रोजी गांधीजींच्या अंत्ययात्रेचे वर्णन मेल्विल डिमेलो यांनी इंग्रजीतून केले, ते जवळजवळ सात तास. तो आवाज राजस्थानातला एक शीख मुलगा ऐकत होता. त्याने आईला सांगितले, की मी असाच होणार, पण हिंदीत. त्या मुलाचे नाव जसदेव सिंग. त्यांची आणि नगर जिल्ह्याची गाठ कशी पडली ते पुढे येईलच. आता सुपे मागे गेले आणि नगरचे स्टँड आले.

नगरात मी प्रथम वाडिया पार्कवर गेलो. मैदान रिकामे होते. दोनचार मुले धावत होती. याच मैदानावर २०२५ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र केसरीची अखेरची कुस्ती झाली आणि पृथ्वीराज मोहोळने महेंद्र गायकवाडला हरवून गदा घेतली. त्याआधी गादी विभागातल्या लढतीत पाठ टेकली की नाही यावरून वाद झाला, तो हातघाईवर गेला आणि चार दिवस महाराष्ट्रभर गाजला. हजारो माणसे डोळ्यांनी बघत होती, कॅमेरे लावलेले होते, तरीही काय घडले याबद्दल एकमत नाही! मग ज्यांनी सगळे खेळ कानांनीच पाहिले, त्यांनी कोणावर आणि कसा विश्वास टाकला असेल?

चहावाल्याने विचारले, "कुस्तीचे शौकीन का? मग इथे काय करता? आमच्या गावच्या जत्रेला चला. उद्या हगामा आहे."

शहरी वाचकांसाठी सांगतो : हगामा म्हणजे जत्रेतला कुस्त्यांचा फड. नगरकडचा हा खास शब्द. दुसऱ्या दिवशी दुपारी मी श्रीगोंदे तालुक्यातल्या एका गावी पोचलो. ऊन असे, की पायाखालची माती चुलीवरून उतरवल्यासारखी. नांगरून भुसभुशीत केलेल्या वावरात आखाडा केलेला. चारी बाजूंना फेटे, टोप्या, झाडांवर पोरे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत म्हातारी मंडळी. हलगी कडाडत होती. सुरुवात रेवड्यांच्या कुस्त्यांनी झाली. सहा-सात वर्षांची पोरे लंगोट लावून येत, एकमेकांना माती लावत आणि जिंकणारा व हरणारा दोघेही रेवड्या खात परत जात. जगातल्या सगळ्या स्पर्धा अशा असत्या तर फार बरे झाले असते.

आणि लाउडस्पीकरवर होता निवेदक. या क्षेत्रात कोथळीच्या शंकर पुजारींचे नाव महाराष्ट्रभर ऐकलेले आहे. इथला निवेदक जिल्ह्यातलाच, पन्नाशी उलटलेला, खांद्यावर उपरणे. मला प्रश्न पडला, की सगळ्यांना सगळे दिसत असताना हा माणूस हवा कशाला? दहा मिनिटांत उत्तर मिळाले. जोड आखाड्यात उतरली की तो आधी पैलवानाचे गाव सांगे, मग तालीम, मग वस्तादाचे नाव, मग बापाचे. "याचे वडील ऊसतोडीला जातात. पोरगं पहाटे चारला उठून जोर काढतं." मग डाव सुरू. "एकलंगी घातली... सुटला... आता ढाकेवर घेतोय, बघा." आपण नुसती दोन उघडी अंगे बघत असतो, तो त्यांच्यामागचे घर दाखवत असतो.

शेवटून दुसऱ्या कुस्तीत गडबड झाली. खालच्या पैलवानाची पाठ लागली, असा एका बाजूने गिल्ला झाला; दुसरी बाजू उठून उभी राहिली. पंच वाकून बघत होते. दोनशे माणसे निवेदकाकडे बघून ओरडत होती, की सांग, सांग! त्याने मायक्रोफोन तोंडाजवळ नेला आणि शांतपणे म्हणाला, "निकाल पंच देतील. मी डाव सांगतो. डाव ढाक होता, आणि गड्यानं तो झकास मारला. खालच्यानं मानेवर तोलून धरलंय, तेही झकास." पंचांनी हात हलवला, कुस्ती पुढे चालू झाली आणि अखेर बरोबरीत सुटली. लोक बसले. गावातल्या म्हाताऱ्यांनी मला सांगितले, की हा माणूस वीस वर्षे येतो. त्याचा भाऊबंद आखाड्यात असला तरी याच्या आवाजावरून ते ओळखू येत नाही. फडातली पत ही अशी जमते.

नगरहून मनमाडच्या रस्त्याने उत्तरेला निघाले की राहुरीच्या पुढे जिल्ह्याचा रंग बदलतो. दक्षिणेकडे कुसळे आणि बाभळी; इकडे ऊस. हे सगळे पाण्याचे काम. १९२६ साली पुरे झालेले भंडारदऱ्याचे धरण, प्रवरेचे कालवे, आणि त्यांवर उभे राहिलेले साखर कारखाने. श्रीरामपुराजवळ हरेगावला बेलापूर कंपनीचा मोठा कारखाना होता. तो आता बंद आहे. त्याच बाजूला कालव्याच्या काठी माझ्या मामांची शेती होती आणि शाळेत असताना मी तिथे पुष्कळदा राहिलो.

तेव्हा रेडिओ ही गावाची गोष्ट असे. पुण्याचे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले आणि १९५६ साली त्या केंद्राने युनेस्कोच्या मदतीने सुमारे दीडशे मराठी खेड्यांत एक प्रयोग केला. गावकऱ्यांनी आठवड्यातून दोनदा एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि शंका केंद्राकडे कळवायच्या. या प्रयोगाची कीर्ती परदेशांतही गेली. मला त्यातले महत्त्व वाटते ते एवढेच, की खत किती घालावे हे दूरच्या आवाजाला विचारण्याची सवय माणसांना लागली. ज्याचे ऐकून पीक येते, त्याचे खेळाबद्दलही खरे मानायला हरकत नसते.

१५ मार्च १९७५ हा शनिवार होता. मामा उसाला दारे धरत होते. बाभळीच्या फांदीला कातडी पाकिटातला ट्रान्झिस्टर टांगलेला, आणि त्यातून क्वालालंपूर बोलत होते. विश्वचषक हॉकीची अंतिम लढत, भारत आणि पाकिस्तान. दोन दिवसांआधी गावात चर्चा होती ती उपांत्य सामन्याची : मलेशियाविरुद्ध हरता हरता अस्लम शेर खानने बरोबरी साधली आणि जादा वेळात हरचरण सिंगने सामना जिंकून दिला. आता अखेरचा दिवस.

हॉकीचे वर्णन हे क्रिकेटपेक्षा फार अवघड. क्रिकेटमध्ये एक चेंडू झाला की गोलंदाज परत चालत जातो. तेवढ्यात धावसंख्या सांगावी, हवामान सांगावे, एखादी जुनी आठवणही सांगावी. हॉकीत शंभर यार्डांचे मैदान चेंडू काही क्षणांत ओलांडतो. बावीस खेळाडू, त्यांची नावे, कोण डावीकडे, कोण उजवीकडे, हे सगळे बोलणाऱ्याच्या ओठांवर हवे. नाव घेईपर्यंत चेंडू तिसऱ्याकडे गेलेला असतो. अशा खेळात जसदेव सिंग यांचा आवाज चेंडूच्या अर्धा श्वास मागे असे, त्याहून मागे कधी नाही. वेग वाढला की आवाज चढे, पण शब्द मोडत नसत. मामांना हिंदी बेताचेच येई. उर्दू मिसळलेले ते हिंदी तर त्यांनी दुसरीकडे कोठेच ऐकले नव्हते. तरी चेंडू कुठे आहे हे त्यांना नेमके ठाऊक असे. हातातल्या फावड्याने ते ओल्या मातीत रेघ ओढत : इथे अजितपाल, इथून गोविंदा, इथे अशोककुमार.

पाकिस्तानने पहिला गोल केला. गडी गप्प झाले. उत्तरार्धात सुरजित सिंगने पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी केली. मग ध्यानचंदांच्या मुलाने, अशोककुमारने फटका मारला, चेंडू गोलाच्या खांबाला लागून बाहेर आला, आणि पंचांनी गोल दिला. पाकिस्तानच्या खेळाडूंना तो मान्य नव्हता. ट्रान्झिस्टरमध्ये गलका झाला. एक गडी म्हणाला, "आपलाच माणूस सांगतोय, तो गोलच म्हणणार की!" मामा फावड्यावर रेलून म्हणाले, "पाकिस्तानचा झाला तेव्हाही त्यानेच सांगितला ना? मग हाही झाला." सामना २-१ असा भारताने जिंकला. आजवर भारताला मिळालेला पुरुष हॉकीचा विश्वचषक तो एकच. मामांच्या वावरात त्या दिवशी पाणी बांध फोडून शेजारच्या शेतात गेले होते, आणि शेजारी भांडायला आला तो निकाल विचारून परत गेला.

जसदेव सिंगांची कारकीर्द फार मोठी. १९५५ साली ते आकाशवाणीच्या जयपूर केंद्रात लागले. १९६३ पासून दिल्लीतल्या स्वातंत्र्यदिनाच्या आणि प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्यांचे वर्णन त्यांच्या तोंडून देशाने ऐकले. नऊ ऑलिंपिक त्यांनी श्रोत्यांपर्यंत पोचवली. १९८५ साली पद्मश्री, १९८८ साली ऑलिंपिक समितीचा ऑलिंपिक ऑर्डर हा सन्मान, २००८ साली पद्मभूषण. २०१८ च्या सप्टेंबरात ते गेले. सन्मानांची ही यादी खरीच. पण फावड्याने ओढलेल्या त्या रेघाही मी तिच्यातच धरतो. क्वालालंपूरचे मैदान हरेगावच्या चिखलात जसेच्या तसे उमटले होते.

पतीची खरी परीक्षा पराभवात होते. १ डिसेंबर १९८२ रोजी दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत, घरच्या मैदानावर, भारत पाकिस्तानकडून ७-१ असा हरला. तेव्हा शहरांतून दूरचित्रवाणी आली होती. मामांच्या वस्तीवर अजून रेडिओच होता. एकामागून एक गोल होत गेले आणि आवाजाने ते एकेक करून सांगितले. काही झाकले नाही, कोणाला शिव्या दिल्या नाहीत. गड्यांनी रेडिओ बंद करा म्हटले. मामा म्हणाले, "गोड बातमी याच्याकडून घेतली, आता कडू कोणाकडून घेणार?" त्यांनी सामना शेवटपर्यंत ऐकला आणि मग न जेवता झोपले.

मराठीतही ही पत जमवणारी माणसे झाली. महाराष्ट्राकडून खेळलेले पुण्याचे बाळ ज. पंडित आकाशवाणीवरून क्रिकेटचे मराठी वर्णन करीत. वि. वि. करमरकरांनी वर्तमानपत्रात खेळाला मानाचे पान मिळवून दिले आणि मायक्रोफोनपुढेही ते बसले. पंडित २०१५ साली गेले, करमरकर २०२३ साली. पायचीत, धावचीत, षटकार, यष्टिरक्षक हे शब्द अशा आवाजांमुळे घरोघर रुळले. श्रीरामपूरच्या बाजारात भाजीचा भाव पडला तर व्यापारी अजूनही "त्रिफळा उडाला" म्हणतो, हे मी परवा स्वतः ऐकले.

गंमत पाहा. या जिल्ह्याने मन लावून हॉकी ऐकली आणि दिले ते क्रिकेटपटू! झहीर खान श्रीरामपूरचा, जन्म १९७८ चा. त्याने कसोटीत ३११ बळी घेतले आणि २०११ च्या विश्वचषकात एकवीस. अजिंक्य रहाणेचा जन्म १९८८ साली संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा, वाढला डोंबिवलीकडे. कर्णधार म्हणून मेलबर्नला त्याने ११२ धावा केल्या आणि १९ जानेवारी २०२१ रोजी ब्रिस्बेनच्या मैदानावर, जिथे ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर हरली नव्हती, तिथे भारत जिंकला. पन्नास वर्षे दूरच्या मैदानांवरची नावे या गावांत येत होती. आता या गावांची नावे दूरच्या मैदानांवरून परत आली. ज्या पत्त्यावर इतके दिवस उधारी जात होती, तिथून ही फेड आली असे म्हणायला हरकत नाही.

श्रीरामपूर सोडले, बाभळेश्वरावरून लोणीला गेलो. इथेच विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साह्याने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५० साली तो चालू झाला. त्या दिवसांत इथल्या शेतकऱ्याने भागभांडवलाचे पैसे दिले ते कारखाना डोळ्यांनी पाहण्याआधी, केवळ सांगणाऱ्याच्या शब्दावर. तीही एक पतच. तिथून प्रवरेच्या काठाकाठाने आश्वीला पोचायला संध्याकाळ झाली.

रस्त्यावरच्या हॉटेलात चहा मागितला. आयपीएलचे दिवस. बाकावर एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा मोबाइलमध्ये डोके घालून बसला होता आणि शेजारी त्याचे आजोबा, काठीवर हनुवटी टेकून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूचे धुके. एका डोळ्याचे काम झालेले, दुसऱ्याचे दिवाळीनंतर. मोबाइलमधला निवेदक बोलत होता, पण तो पडद्याकडे बघणाऱ्यांसाठी. "वा, काय फटका आहे! हा तर वेगळ्याच दर्जाचा आहे!" फटका कुठे गेला, हे त्याने सांगायचे कारणच नव्हते. माझ्या पिशवीतला ट्रान्झिस्टर मी काढून बघितला. नगर केंद्रावर गाणी चालली होती.

एकाएकी पोरगे ओरडले, "गेला, गेला, आबा, गेला!"

आजोबा म्हणाले, "आरं, कोण गेला? फलंदाज गेला का चेंडू गेला? आधी चेंडू कुठं हाय ते सांग, मंग वरड."

मुलाने क्षणभर आजोबांकडे बघितले. मग आवाज बंद केला, मोबाइल जरा लांब धरला आणि सांगू लागला, "चेंडू मिडविकेटला. उंच गेलाय. दोघं पळतायत. एक थांबला. दुसरा खाली आलाय... घेतला, आबा. झेल घेतला."

"धावा किती?"

"सात बाद एकशे चाळीस. दोन षटकं राहिलीत."

"हां," आजोबा म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. "आता दिसतंय. चालू दे."

हॉटेलवाल्याने गल्ल्याजवळचा पंखा बंद केला, म्हणजे पोराचा आवाज नीट ऐकू यावा. शेवटच्या एस.टी.ला अजून अर्धा तास होता. मी आणखी एक चहा सांगितला आणि बाकावर सरकून बसलो.